नागपूरचे चार दिवस: तर्री, संत्री आणि भाचीचं दृढीकरण

नागपूरला गेले ते भाचीच्या दृढीकरणासाठी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, लहानपणी बाप्तिस्मा होतो तेव्हा बाळाला काही कळत नसतं, आईबाप आणि धर्ममाता-धर्मपिता त्याच्या वतीने देवाला शब्द देतात, मग मूल मोठं झालं की बिशपसाहेबांसमोर उभं राहून तो शब्द स्वतःच्या तोंडाने म्हणतं, ते दृढीकरण. या मुलीची धर्ममाता मीच. चौदा वर्षांपूर्वी तिला हातात धरून "होय" म्हणून आले आणि त्यानंतर तिला वाढदिवसाचे फोन सोडून काही केलं नाही, खरं सांगायचं तर. म्हणून यावेळी सुट्टी टाकून चार दिवस गेले.

गुरुवार

नगरहून रात्रीची गाडी, सकाळी नागपूर. नोव्हेंबरचा शेवट होता, स्टेशनबाहेर आले तर मस्त गार हवा, आणि मी आपली नागपूर म्हणजे भट्टी असं डोक्यात धरून सुती ओढणीवर आलेली. रिक्षावाल्या दादांना सदर भागात जायचं म्हटलं तर म्हणाले, "बसा ताई, थंडी पडून राहिली न आता, स्वेटर नाही आनलं काय?" लगेच कळलं की आलो विदर्भात.

आत्याचं घर सदरमध्ये. आत्या मूळची आमच्या नगरकडची, पण पन्नास वर्षं तिकडे काढल्यावर आता कोथिंबिरीला सांबार म्हणते आणि मला म्हणते "तुले काही समजत नाही". आतेभावाने पोहे पार्सल आणले होते, तर्री, म्हणजे पोह्यांवरचा तिखट रस्सा, वेगळ्या पिशवीत, वर रबर. आता इथे जे झालं ते सांगायलाच पाहिजे. खुर्चीच्या पाठीवर भाचीचा दृढीकरणाचा पांढरा कुर्ता इस्त्री करून टाकलेला. मी रबर सोडवायला गेले, ते सुटलं नाही, मी ओढलं, आणि पिशवीने पिचकारी मारली. कुर्त्यावर छातीशी डाव्या बाजूला बरोब्बर दहाच्या नाण्याएवढा डाग, त्याच्याभोवती तेलाची कड.

कोणी काही बोललं नाही. वहिनीने आधी त्यावर टाल्कम पावडर दाबली, तेल ओढायला. अर्ध्या तासाने झटकून साबण लावला तर पिवळा डाग चक्क लाल झाला! मी रडायच्या बेतात. आत्या म्हणाली, "हळद आहे बाई ती, साबणाले लालच होते. उन्हात टाक." गच्चीवर दोरीला कुर्ता उलटा टांगला आणि भाची माझ्याकडे बघून म्हणाली, "आत्या, तुझी पापं लाखेसारखी लाल असली तरी." बायबलमधलं यशया, पहिला अध्याय, अठरावं वचन, पुढे ती बर्फासारखी पांढरी होतील असं आहे. म्हणजे पोरीचा अभ्यास चालू होता तर.

टीप: नागपुरी पोहे खायचे तर सकाळी लवकर जा, ठेल्यावर उभं राहून खा, तर्री थोडी थोडी मागून घ्या. पार्सल नका घेऊ. कारण वर दिलंय.

दुपारी संत्री सोलत बसलो होतो तेव्हा भाचीने विचारलं, "आत्या, तुझ्या फ्लॅटचा करार संपला का गं?" माझा घरमालकाशी वाद झालेला सगळ्या खानदानाला माहीत आहे. अकरा महिन्यांचा करार, मी एक दिवस भाडं चुकवलं नाही, तरी सोडताना रंगाचे म्हणून डिपॉझिटमधले आठ हजार कापले. मी तावातावाने सगळं परत सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मग देवाचा करार पण असाच का? आपण चुकलो की डिपॉझिट कापणार?"

मी चाळीशी ओलांडलेली बाई, जन्मापासून चर्चमध्ये, जुना करार नवा करार हे बायबलच्या दोन भागांचे शब्द रोज तोंडात, आणि मला उत्तर आलं नाही. म्हटलं, उद्या दृढीकरणाच्या क्लासला येते तुझ्याबरोबर.

शुक्रवार

सकाळ गोकुळपेठ मार्केट आणि सीताबर्डीत खरेदीत गेली, त्याबद्दल काही लिहिण्यासारखं नाही, पैसे गेले एवढंच. हां, गड्डीगोदामला तो चार मजली प्रकार पाहिला, खाली रस्ता, वर रेल्वे, तिच्या वर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो. मान दुखेपर्यंत बघत राहिले.

संध्याकाळी क्लास. चर्चच्या मागचा छोटा हॉल, सात मुलं, आणि शिकवायला एक निवृत्त पाळकसाहेब, ऐंशीच्या घरातले, गळ्यात मफलर, बोलणं अस्सल नागपुरी. मी मागच्या बाकावर बसले. भाचीने तोच प्रश्न सगळ्यांसमोर विचारला, वर माझं नाव सांगून, डिपॉझिटसकट.

पाळकसाहेब हसले नाहीत. म्हणाले, उत्पत्ती (बायबलचं पहिलं पुस्तक) पंधरा काढा. तो अध्याय मी शंभर वेळा वाचलाय पण असा कधी ऐकला नव्हता. देव अब्रामाला (पुढे त्याचंच नाव अब्राहाम झालं) म्हणतो आकाशातले तारे मोज, तेवढी तुझी संतती होईल. म्हातारा माणूस, मूलबाळ नाही, आणि तो विश्वास ठेवतो, आणि देव ते त्याचं नीतिमत्त्व म्हणून धरतो. तरीपण अब्राम विचारतोच, मला हे कशावरून कळावं? "म्हंजे विश्वास होता तरी प्रश्न होताच न," पाळकसाहेब म्हणाले, "हे लक्षात ठेवा, पोरांनो."

मग देव सांगतो तीन वर्षांची कालवड आण, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा एडका, एक होला आणि पारव्याचं पिल्लू. अब्राम जनावरं मधोमध कापून अर्धं इकडे अर्धं तिकडे मांडतो, पाखरं मात्र कापत नाही. त्या काळी करार असाही व्हायचा. इब्रीत, म्हणजे जुन्या कराराच्या मूळ हिब्रू भाषेत, बहुतेकदा करार करणं म्हणत नाहीत, करार "कापणं" म्हणतात. दोघांनी त्या तुकड्यांमधून चालायचं, मतलब असा की मी शब्द मोडला तर माझं असं होवो. यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायातही वासराच्या दोन तुकड्यांमधून गेलेल्या आणि मग शब्द फिरवलेल्या लोकांचा उल्लेख आहे. मला आपली काडीमोड आठवली. आपल्याकडे नातं तोडायला काडी मोडायची, तिकडे नातं जोडायला कापायचं.

"आता सांगा," पाळकसाहेब मुलांना म्हणाले, "मधून कोण चाललं?" एक मुलगा म्हणाला, दोघं. "वाच." वाचलं. सूर्य मावळताना अब्रामाला गाढ झोप लागते. अंधार पडतो, आणि धुमसती भट्टी आणि जळती मशाल त्या तुकड्यांमधून जाते. अब्राम जातच नाही. तो झोपलेला आहे.

हॉलमध्ये पंख्याचा तेवढा आवाज. पाळकसाहेब भाचीकडे वळले. "तुह्या आत्याच्या करारावर सह्या किती होत्या?" दोन, साक्षीदार धरून चार. "इथं एकच. देवानंच आपल्यावर घेतलं सारं. अब्रामानं काय केलं? दिवसभर घारी-गिधाडं हाकलली." हे खरंच आहे त्या अध्यायात, हिंस्र पक्षी त्या तुकड्यांवर येतात आणि अब्राम त्यांना हुसकावतो. एवढंच त्याचं काम.

मग भाची म्हणाली, मग आज्ञा कशाला पाळायच्या? सही त्याची, जबाबदारी त्याची, आपण झोपायचं. (मुलगी वकील होणार आहे, लिहून ठेवा.) पाळकसाहेब म्हणाले, सीनायचा डोंगर बघ. दहा आज्ञा सुरू कशा होतात? तू अमुक कर तर मी तुला सोडवीन, असं आहे का? नाही, मी तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर काढलं, हे पहिलं वाक्य. आधी सुटका, मग आज्ञा. प्रेषित पौल गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात हेच म्हणतो, नियमशास्त्र वचनानंतर चारशे तीस वर्षांनी आलं, ते आधीचं वचन रद्द करू शकत नाही. आणि लोक तरी काय, निर्गमच्या चोविसाव्या अध्यायात छातीवर हात ठेवून म्हणतात, परमेश्वराने सांगितलं ते सगळं करू, आणि मोशे चाळीस दिवस डोंगरावर काय गेला, खाली सोन्याचं वासरू तयार. भाची हळूच म्हणाली, "अकरा महिने पण नाही टिकले." यावेळी पाळकसाहेब हसले, मफलर तोंडाला लावून.

त्या संध्याकाळचं अजून एक सांगायचं राहिलं. त्यांनी फळ्यावर लिहिलं, "ऐक." म्हणाले, आपल्या मराठीत "पोरगं ऐकत नाही" म्हणजे बहिरं आहे का? नाही, सांगितलेलं करत नाही. इब्रीतही तेच, "शमा" म्हणजे ऐकणं आणि तोच शब्द मानण्यालाही. हे इस्राएला, ऐक, अशी अनुवादच्या सहाव्या अध्यायातली कबुली सुरू होते ती याच शब्दाने. आज्ञापालन म्हटलं की आपल्याला छडी दिसते, पण मूळ शब्दात कान आहे, आणि आपण ऐकतो कोणाचं? ज्याच्यावर विश्वास आहे त्याचं.

येताना रस्त्यावर भाचीने अजून एक प्रश्न टाकला, अब्राहामाने बळी द्यायला आपल्या मुलाला, इसहाकाला वेदीवर बांधलं तेव्हा त्याला कोणी विचारलं होतं का. त्याच्यावर मी काही बोलले नाही. पाळकसाहेबांनाही विचारला असता तरी मला वाटत नाही सरळ उत्तर मिळालं असतं. मला स्वतःला उत्पत्तीचा तो बाविसावा अध्याय आजही वाचवत नाही, आई झाल्यापासून तर नाहीच.

शनिवार

सकाळी ऑल सेंट्स कॅथेड्रल पाहिलं, सदरमध्येच, चालत. मूळ बांधकाम १८५१ चं, आत शिरलं की बाहेरच्या ट्रॅफिकचा आवाज बंद. फोटो काढायचे तर आधी विचारा, आणि उपासनेच्या वेळी मुळीच काढू नका.

याच ठिकाणी २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आपण सीएनआय म्हणतो ते. बोलणी १९२९ पासून चालू होती, म्हणजे एकेचाळीस वर्षं! आमच्या सोसायटीत पार्किंगचं एकमत होत नाही तिथे हे सहाजण. त्यात एक मोठा अडसर कोणता होता, तर बाप्तिस्मा. अँग्लिकन वगैरे लोक म्हणायचे तान्ह्या बाळाला द्यावा, कारण करारात मुलंबाळं पहिल्यापासून धरलेली आहेत, अब्राहामाच्या घरात आठ दिवसांच्या मुलाची सुंता व्हायची ती त्याला विचारून नाही. बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स या मंडळ्या म्हणायच्या आधी विश्वास, मग पाणी, जे बाळ विश्वास ठेवू शकत नाही त्याला कसला बाप्तिस्मा. शेवटी काय ठरलं तर दोन्ही चालतील. कोणी याला तडजोड म्हणेल. मला मात्र त्या थंड दगडी भिंतीपाशी बसून वाटलं की दोघंही एकाच गोष्टीची दोन टोकं धरून होते, एकाच्या हातात देवाचा शब्द, दुसऱ्याच्या हातात माणसाचं उत्तर. आणि माझी भाची उद्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणार होती.

तिथून हिस्लॉप कॉलेजवरून आलो, बाहेरूनच पाहिलं. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूर भागात आला, शाळा काढली, शिवाय दगडधोंडे, जीवाश्म गोळा करायचा नाद, इतका की एका खनिजाला हिस्लोपाइट असं नाव आहे. १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना भरलेला नाला ओलांडताना बुडून गेला. कॉलेज त्याच्या नंतर, १८८३ चं.

दुपारी आत्याच्या शेजारच्या काकू म्हणाल्या चला, तुम्हाला दीक्षाभूमी दाखवते. मेट्रोने कस्तुरचंद पार्कवरून रहाटे कॉलनी, पुढे रिक्षा. काकू बौद्ध, आत्याची तीस वर्षांची मैत्रीण, दोघी मिळून पापड लाटतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या तिथे कोरलेल्या आहेत. काकू एकेक बोटाने दाखवून वाचत होत्या, चष्मा न लावता, पाठच आहेत त्यांना. मी त्यांना क्लासमधलं सगळं सांगितलं, कालवड, भट्टी, मशाल. त्या ऐकून म्हणाल्या, "तुमच्यात समोर देव आहे शब्द पाळणारा. आमच्यात तसा कोणी नाही. आपणच आपल्याले दिलेला शब्द, आपणच पाळायचा. झोपून नाही चालत." आत्या म्हणाली, "आमच्यात तरी झोपून कुठं चालते?" आणि दोघी हसत बाकावर टेकल्या. मी दोघींना मधल्या वेळचे शेंगदाणे आणून दिले आणि गप्प बसले, कारण दोघींचं आयुष्य मला माहीत आहे आणि दोघीही कधी झोपलेल्या नाहीत.

टीप: दीक्षाभूमीला दसऱ्याच्या सुमारास अफाट गर्दी असते, निवांत पाहायचं असेल तर ते दिवस सोडून जा. चपला बाहेर काढाव्या लागतात, दुपारी फरशी तापते.

रात्री सावजी, म्हणजे नागपूरचं झणझणीत जेवण. आतेभावाने मटण मागवलं, मी नगरची, तिखटाला घाबरत नाही म्हणून मोठ्या रुबाबात म्हटलं, कमी तिखट वगैरे नको. दुसऱ्या घासाला कान गरम, चौथ्याला नाक. काळा रस्सा, वर तेलाचा तवंग, आणि चव अशी की थांबताही येत नाही. तुम्ही रुबाब करू नका, सोबत ताक मागवा.

कुर्ता तीन दिवस उन्हात. डाग राहिला होता, पण आता फिक्कट गुलाबी, माहीत असलं तरच दिसेल असा. नवीन घेऊ म्हटलं तर भाची ऐकेना.

रविवार

उपासना दोन तास चालली. सातही मुलं पांढऱ्यात, मुलींच्या डोक्यावर ओढणी. बिशपसाहेबांनी प्रश्न विचारले, सैतानाचा आणि पापाचा त्याग करतोस का, ख्रिस्तावर विश्वास ठेवतोस का, त्याच्या आज्ञा पाळशील का. पहिल्या दोनला साधं होय. तिसऱ्याच्या उत्तरात मात्र "देवाच्या साहाय्याने" हे शब्द आधी येतात आणि मग पाळीन. चौदा वर्षांपूर्वी मी हेच म्हटलं होतं आणि तेव्हा ते मला सभ्यपणाचं वाक्य वाटलं होतं, आपण देवाची कृपा म्हणतो तसं. शुक्रवारच्या क्लासनंतर आता तसं ऐकू आलं नाही. ती भट्टी आणि मशाल डोळ्यासमोर.

मग एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना. भाची गुडघ्यावर बसली तेव्हा तिचा उजवा हात आपोआप छातीवर डाव्या बाजूला गेला, डागावर. लोकांना वाटलं असेल किती भक्ती. मला हसू आलं आणि लगेच रडू, वहिनीने रुमाल दिला.

त्यानंतर तिचं पहिलं प्रभुभोजन. प्याला उचलताना जे शब्द म्हणतात, हा माझ्या रक्तातला नवा करार, ते लूकच्या बाविसाव्या अध्यायातले, आणि त्याच्या मागे यिर्मया एकतीस, की नवा करार करीन आणि माझं नियमशास्त्र त्यांच्या हृदयावर लिहीन. पाळकसाहेब पुढच्या बाकावर बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं तर ते डोळे मिटून होते, प्रार्थनेत की डुलकीत हे सांगता येणार नाही, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दोन्ही चालतं.

जेवण हॉलमध्ये, पुलाव, मटण, सांबारवडी आणि संत्रा बर्फी. पाळकसाहेबांना मी निरोपाचा सलाम केला आणि याकोबाचं पत्र विचारलं, कारण ते मला कायम टोचतं, की पौल म्हणतो अब्राहाम विश्वासाने नीतिमान ठरला आणि याकोब म्हणतो कृत्यांनी, दोघांचा दाखला तोच माणूस. ते वडी खात म्हणाले, "पौल उत्पत्तीचा पंधरावा अध्याय वाचून राहिला, याकोब बाविसावा. मधात किती वर्षं गेली ते पाह्य न." एवढंच. मग दुसरी वडी घेतली.

टीप: संत्रा बर्फी शेवटच्या दिवशी घ्या, टिकते कमी. संत्री मात्र पेटीने घ्या, स्टेशनजवळ नाही, बाजारातून.

रात्री स्टेशनवर आतेभाऊ सोडायला आला. गाडीला वेळ होता. हावड्याकडे जाणारी एक गाडी लागली होती आणि मला एकदम कवी रेव्हरंड टिळक आठवले. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक याच नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते, डब्यात एका अनोळखी गोऱ्या माणसाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला आणि म्हणाला तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. इब्री लोकांस पत्रात अब्राहामाबद्दल लिहिलंय की कुठे जातोय हे माहीत नसताना तो निघाला. निघणाऱ्याचं सगळे कौतुक करतात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना घरी बसून काय वाटलं असेल, काही वर्षं वेगळं राहून, मग स्वतःच्या पायाने त्या आल्या, १९०० मध्ये स्वतःच्या होयने बाप्तिस्मा घेतला, ते मला जास्त मोठं वाटतं. अब्राहामाच्या बायकोला, सारेलाही कोणी विचारलं नव्हतं. आतेभावाला हे सगळं सांगत होते तर तो म्हणाला, "ताई, गाडी लागली."

संत्र्यांची पेटी सीटखाली सरकवली आणि झोपले. आत्याने बजावलं होतं, पोचल्या पोचल्या फोन कर. दुसऱ्या दिवशी घरी आले, पेटी उघडली, शेजारी वाटली, ऑफिसचे मेल बघितले, आणि रात्री साडेदहाला फोन वाजला. हॅलो म्हणायच्या आधीच पलीकडून आवाज, "पोहोचली न? मग सांगता नाही येत? लहानपणापासून पाहून राहिली मी, ऐकतच नाहीस तू."